फोटोमागची ओळ

९ सप्टेंबर

आज प्रणोतीनं स्वतःहून फोन केला. पहिल्या रिंगला उचलला असता तर तिला वाटलं असतं, हा फोन हातात घेऊनच बसला आहे. बसलोच होतो. थोडं वाजू दिलं आणि कामात असल्यासारखं "हां, बोल" म्हटलं.

काम निघालं. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

तिची मावशी, म्हणजे माधवीकाकू, दीक्षितपुऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत शिवलेल्या नऊवारी विकतात. नेसायची कटकट नाही, सलवारीसारखी चढवली की झालं. जबलपुरातल्या मराठी पोरींना दुसरं येतंय काय. त्या दुकानाची वेबसाईट मीच केली, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडून घरी बसलो तेव्हा. फोटोही मीच काढले. फोटोंत प्रणोतीच आहे, कारण ती मावशीकडे राहून बी.एड. करते आणि काकू दुसरी मॉडेल कुठून आणणार. मी ते काम का घेतलं, हे वहीत लिहायची गरज नाही.

आता तिचं म्हणणं, ज्याला दिसत नाही त्यालाही साईट वापरता आली पाहिजे.

"काहून? नऊवारी ऐकून घेणार आहे कोणी?"

"आलोक भैया आहेत ना एक. घमापुरात राहतात. बहिणीच्या लग्नासाठी ऑर्डर करून राहिले होते, जमलंच नाही. त्यांना दिसत नाही."

"मग फोनवर घे ना ऑर्डर. एका माणसासाठी अख्खी साईट बदलायची?"

"तू करतोस का नाही, तेवढं सांग. पितृपक्षात तसंही कोणी खरेदीला येत नाही. घटस्थापनेच्या आत झालं पाहिजे."

करतो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, 'आलोक भैया' म्हणताना तिचा आवाज मऊ झाला होता. भैयाचं काय, इथे भाजीवाल्यालाही भैया म्हणतात. त्यानं काही सिद्ध होत नाही.

११ सप्टेंबर

दीक्षितपुऱ्याला गेलो. काकू दारातल्या उजेडात कापड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी अगदी समोर उभा राहिलो, हसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत, जसा मी विजेचा खांब आहे. मी "काकू" म्हटल्यावर मात्र "अरे गौरांग, ये ये" असं एकदम गोड. असलं नाटक मला कळतं. प्रणोतीनं घरी माझ्याबद्दल काहीतरी सांगितलेलं आहे.

चहाही तसाच. कपातून बशीत, बशीतून टेबलावर जाईपर्यंत ओतत होत्या. प्रणोतीनं धावत येऊन भांडं धरलं. पाहुण्याकडे मन नसलं की असंच होतं.

मग आलोक आला. तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, घडीची पांढरी काठी. रेल्वेत चौकशीच्या फोनवर उत्तरं देतो, दुपारी मोकळा असतो. आल्या आल्या म्हणाला, "हे तेच का, बटनवाले इंजिनिअर साहेब?" प्रणोती हसली.

त्यानं खिशातून फोन काढला, माझी साईट उघडली. स्क्रीन काळी ठेवतो. स्क्रीन रीडर म्हणून असतो, तो जे असेल ते बोलून दाखवतो. फोन बोलू लागला: "बटन. बटन. इमेज. बटन. इमेज." असं किती वेळ. एकाही बटनाला मी नाव दिलेलं नव्हतं. नुसतं चित्र टाकलं होतं, पिशवीचं, हृदयाचं, बाणाचं. मापं भरायच्या फॉर्मात काही चुकलं तर रकाना लाल होतो. ते लाल त्याला कोण सांगणार? तारीख तर माऊसशिवाय निवडताच येत नाही.

"भाई, तुझ्या दुकानात दरवाजेच दरवाजे आहेत, पाटी एकावरही नाही."

सगळे हसले. काकूही. मी म्हटलं, होऊन जाईल. कान तापले होते.

१४ सप्टेंबर

काम सुरू आहे. बटनांना नावं दिली, फॉर्म सुधारला. बाबा फॅक्टरीतून आले, मागे उभे राहून पाहू लागले. आईनं सांगितलं काय चाललं आहे ते.

"म्हणजे आता आंधळ्यांसाठी," बाबा म्हणाले. "डोळसांच्या कॉलेजात तर तीन वर्षं टिकला नाही."

मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर गेलो. बोललो असतो तर फार बोललो असतो.

फोटोंचं काम राहिलं आहे. प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची असते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती दिसत नाही, फक्त स्क्रीन रीडर ती वाचतो. 'जांभळी नऊवारी, मोरपंखी काठ' एवढं लिहिलं की पुरतं.

पण मी विचार करत बसलो. ही ओळ प्रणोती कधीच पाहणार नाही. तिला डोळे आहेत, ती फोटोच पाहील. ऐकणार तो एकटा आलोक. मग त्याला ऐकू द्या ना, इथे आधीपासून कोण उभं आहे.

जांभळीमागे लिहिलं: 'ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही, खिडकीकडे पाहते. मी खिडकीत उभा असायला पाहिजे होतो.' हिरवीमागे: 'नेसणारी हसली तेव्हा फोटो काढणाऱ्याचा हात हलला, म्हणून काठ थोडा धूसर आला आहे.' खरंच हलला होता. मग थांबवेना. सगळे फोटो संपवूनच उठलो. साडीचे रंग लिहिले आहेत, पण साडीबद्दल फारसं काही नाही.

१७ सप्टेंबर

आलोकनं साईट तपासली. बहिणीची ऑर्डर एका झटक्यात टाकली. "आता पाटी आहे," म्हणाला. मी विचारलं, फोटो? "फोटो मी नाही ऐकले यार. मला काही नेसायची आहे? ज्यांना ऐकायचे ते ऐकतील."

खोटं बोलतो. ऐकलं आहे आणि पचवलं आहे. पोचलेला माणूस आहे.

काम झालं ना? ऑर्डर गेली ना? मग आता यायचं कारण काय? तरी काकूंनी त्याला सांगितलं, "उद्या याच वेळी ये." मी ऐकलं.

१८ सप्टेंबर

मुद्दाम गेलो, लोगोचं कारण काढून. पुढच्या खोलीत कोणी नाही. आतल्या खोलीचं दार लावलेलं. आतून आलोकचा आवाज आला, "घाई करू नका. पुन्हा. दोन बोटं." मग हसणं. मी दार वाजवलं तर एकदम शांतता, आणि प्रणोती दार जरासंच उघडून बाहेर आली.

"काय आहे?"

"लोगो."

"नंतर पाहू." दार पुन्हा लावलं.

काकू आत होत्या, हे खरं. पण साईट तपासायला आतली खोली लागते? लावलेलं दार लागतं?

२० सप्टेंबर

तीन गोष्टी लिहून ठेवतो.

एक. आलोक उंबरठ्यावर अडखळत नाही. काठी घडी करून बगलेत, आणि सरळ येऊन बसतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अडखळलो होतो.

दोन. टेबलावरचा कप त्यानं एकदाही न चाचपता उचलला.

तीन. मला म्हणाला, "आज चिडलेला दिसून राहिला भाई." मी तोंडातून शब्द काढला नव्हता. चप्पल जरा आपटली असेल.

मला वाटतं याला दिसतं. पूर्ण नसेल, पण दिसतं. दिसत नाही म्हटलं की बाई-माणसं आतल्या खोलीत नेऊन बसवतात, दार लावून घेतात. सोय आहे चांगली.

म्हणून आज त्याच्या येण्याच्या वेळेआधी शिवणाचं स्टूल उचलून वाटेत ठेवलं. आला. काठी उघडून टेकवत आला नेमका आज, स्टुलाला लागली, पायानं बाजूला सरकवलं. "काकू, तुमच्या घरी फर्निचर फिरायला जातं काय?" म्हणजे आधीच पाहून काठी उघडली. सावध आहे.

स्टूल मी पुन्हा होतं तिथे ठेवायला पाहिजे होतं, पण हेमलताबाई आल्या आणि राहून गेलं. या महाराष्ट्र मंडळातल्या. यांना आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या मराठी घरांना ते आवडलेलं नसतं. मुलीचं लग्न नोव्हेंबरात आहे. स्वतःच्या लग्नातला शालू घेऊन आल्या होत्या. त्याची शिवलेली नऊवारी करायची आहे.

"कात्री चुकली तर दुसरा मिळणार नाही माधवी. सासूबाईंनी बनारसहून आणवला होता."

काकूंनी शालू मांडीवर घेतला, काठावरून बोट फिरवत बसल्या. कितीतरी वेळ. हेमलताबाई म्हणाल्या, "काय गं, विकत घ्यायचा आहे का?" काकू म्हणाल्या, "घट बसू दे, मग कापते."

काकू हेमलताबाईंना सोडायला उठल्या आणि त्याच स्टुलावर पडल्या. चांगल्याच पडल्या, गुडघा सोलला. भर दुपारी, लख्ख उजेडात. प्रणोती माझ्याकडे असं पाहू लागली जसं मीच ढकललं. काकू इतक्या घाईत कशासाठी होत्या? आलोक आतल्या खोलीत वाट पाहत होता, म्हणून?

२१ सप्टेंबर

काकूंचा फोन, जेवायला ये. गेलो. सर्वपित्रीचं जेवण, वडे-खीर. पहिल्यांदाच स्वतः आग्रह करून वाढलं. वडा ताटाच्या काठावर पडला, पण वाढला.

"तुझे बाबा रिटायर कधी होऊन राहिले?"

"दोन वर्षं आहेत."

"आणि कॉलेज? पुन्हा जाशील का नाही?"

"पाहू."

"पाहू नको, जा." मग जरा हसून म्हणाल्या, "फोटो काढताना तुझा हात हलतो म्हणे."

प्रणोतीनं तक्रार केली असणार, फोटो धूसर आल्याची. तिच्याकडे पाहिलं तर तिला काही कळलंच नाही असं तोंड. या घरात सगळे माझ्यासमोर एक आणि मागे एक आहेत.

परतताना दाराशी काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पायरी उतरेपर्यंत काढला नाही. आलोकला जागा करायची असेल तर आधी मला गोड बोलून बाजूला करतील. हिशेब बरोबर बसतो.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. दुपारी गेलो तर दार पुन्हा बंद. आतून आलोक: "शाबास. आता तुम्हाला कोणाची गरज नाही." आणि प्रणोती रडत होती. हुंदका मी ओळखतो. रडवलं त्यानं तिला, आणि काकू आत बसून पाहतात?

दार फोडणार होतो. फोडलं नाही. घरी येऊन लॅपटॉप उघडला. पिवळ्या नऊवारीच्या फोटोमागची जुनी ओळ पुसली आणि लिहिलं:

'डोळ्यांचं नाटक आता पुरे. खरं काय ते मला कळलं आहे. दसऱ्याच्या आत हे बंद झालं नाही, तर सगळ्या समाजाला सांगेन.'

नाव लिहिलं नाही. ज्याचं त्याला कळेल. बाकी जगाला ती ओळ दिसणारच नाही, हेच तिचं चांगलं आहे.

२५ सप्टेंबर

प्रणोतीचा मेसेज: साईटवर 'ऑर्डर घेणे बंद आहे' अशी पाटी लाव.

नवरात्रात? लग्नाचे महिने समोर असताना? धावत गेलो. पुढची खोली उदास होती. कापडं घडी करून कपाटात, मशीनवर चादर टाकलेली. काकू आतून बाहेरच आल्या नाहीत.

"झालं काय?"

"मावशी म्हणते बास. हेमलताबाईंना फोन करून सांगितलं, शालू परत न्या. मला बालाघाटला आई-बाबांकडे जायला सांगते. स्वतः पण येईन म्हणते, हे घर भाड्यानं देऊन."

"काहून पण?"

"सांगत नाही. मंगळवारपासून जेवली नाही धड." डोळे सुजलेले होते तिचे. "सोळा वर्षं चालवलं तिनं हे. काका गेल्यावर या मशीनवर घर चाललं. कोणीतरी काहीतरी बोललं आहे तिला, गौरांग. कोण, तेवढं कळू दे."

कोण ते मला माहीत आहे. ओळ ऐकून आलोक घाबरला. पकडला जायच्या आधी त्यानं काकूंचेच कान भरले, आणि आता सगळ्यांनाच घेऊन बुडतो आहे. उद्या घमापुरात जातो. जे व्हायचं ते होऊ दे.

२६ सप्टेंबर

लिहायला बसलो आहे, पण हात चालत नाही. तरी लिहितो.

घमापुरात बाजारामागे त्याचं घर. जिना चढताना काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, कॉलर धरायची तेही. दार त्यानं मी वाजवायच्या आधी उघडलं.

"गौरांग ना? जिना तोडशील. बैठ."

"बसायला नाही आलो. काकूंना काय सांगितलंस?"

"मी? काकू माझा फोन पण उचलून नाही राहिल्या."

"माझी ओळ ऐकलीस ना? पिवळ्या फोटोमागची?"

"कौनसी ओळ?"

मी म्हणून दाखवली. पाठ होती. तो ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मला वाटलं, बरोबर लागली.

"ही तू लिहिली? साईटवर?"

"तुझ्यासाठी. तुला दिसतं, हे मला—"

"अरे बाबा." तो खाली बसला. "मला उजेड आणि अंधार कळतो, दुसरं काही नाही. तुझी साईट मी बहिणीची ऑर्डर टाकली त्यानंतर उघडलीच नाही. मी कशाला उघडू?"

"मग कोण ऐकणार? दुसरं कोण आहे?"

त्यानं काठीची घडी उघडली आणि पुन्हा मिटली.

"रोज तिथे कशाला जात होतास? दार लावून?"

"ते सांगणार नाही असं कबूल केलं आहे मी." मग म्हणाला, "स्टूल तू ठेवलं होतं ना वाटेत? मी गल्लीत होतो, आधी स्टूल टेकल्याचा आवाज आला, मग तुझ्या चपलेचा. मी बाजूला केलं. त्यानंतर त्या स्टुलावर कोण पडलं, गौरांग?"

मी उभाच राहिलो. चहा. वडा. दारात समोर उभा होतो आणि त्यांनी खांबासारखं पाहिलं. शालूच्या काठावरचं बोट. दोन बोटं, पुन्हा, घाई करू नका: आलोक त्यांना बोलणारा फोन बोटांनी चालवायला शिकवत होता. साईट त्याच्यासाठी नव्हतीच. दुकान जिचं, तिला स्वतःचं दुकान ऐकता यावं म्हणून होती.

आणि तिनं सगळे फोटो ऐकले. पिवळासुद्धा.

आलोकनं पाणी दिलं. मी न घेता आलो. जिन्यावरून उतरताना तो मागून म्हणाला, "आज जा. उद्यावर नको टाकू." मी आज गेलो नाही.

२७ सप्टेंबर

सकाळी आंघोळ केली, शर्ट बदलला, पुन्हा झोपलो. सांगितलं नाही तर? ओळ पुसून टाकली तर पुरावाही नाही. काकू समजतील कोणीतरी दुष्ट होता, गेला. प्रणोतीला कधीच कळणार नाही. कितीतरी वेळ हेच फिरत होतं. मग आठवलं, त्या जेवत नाहीत. उठलो.

काकू खाटेवर बसल्या होत्या. प्रणोती भाजी निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. आलोकवर संशय होता, ओळ त्याच्यासाठी होती, मीच लिहिली. काहून संशय होता ते सांगितलं नाही.

काकूंनी पहिलं विचारलं ते वेगळंच. "म्हणजे बाहेर कोणाला माहीत नाही?"

"नाही काकू."

"हेमलताला?"

"कोणालाच नाही."

त्यांनी श्वास सोडला. मग प्रणोती सुरू झाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भाजीची परात बाजूला ठेवून अगदी हळू म्हणाली, "तिनं पहिल्यांदा एकटीनं, कुठेही न अडता, सगळी साईट चालवली होती त्या दिवशी. मी रडत होते आनंदानं. आणि दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा उघडली आणि तुझी ओळ ऐकली. निघ तू."

"थांब," काकू म्हणाल्या. "काचबिंदू आहे मला, गौरांग. दोन वर्षं झाली. मेडिकलचे डॉक्टर म्हणतात गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब टाका. कडेचं सगळं गेलं, मधलं थोडं आहे, तेही धुकट. शिवणारीला दिसत नाही म्हटलं की कापड कोण देईल? म्हणून लपवलं. हात चालतो माझा. पण कापड देणारी हात पाहत नाही, डोळे पाहते."

मी खाटेच्या पायाशी खाली बसलो.

"मला वाटलं माझ्या दिराला कळलं, त्यानं कोणाकडून तरी साईटवर लिहवून घेतलं. वाटलं मंडळात बोलून राहिले. आणि होता कोण, तर तू." मारतील असं वाटलं. मारलं नाही. "त्या फोटोची ओळ आजच्या आज बदल. बाकीच्याही बदल. साड्या सांग त्यात."

"बाकीच्या कोणत्या?" प्रणोतीनं विचारलं. "बाकीच्यांत काय आहे?"

काकू म्हणाल्या, "काही नाही. रंग चुकले आहेत."

२९ सप्टेंबर

सगळ्या ओळी पुसल्या. जांभळीमागे आता आहे: 'जांभळी नऊवारी, मोरपंखी काठ, दोन बोटं रुंद. काष्टा शिवलेला, कमरेला नाडी.' काकूंनी सांगितलं तसं. त्या कापड हातात घेऊन सांगतात, मी लिहितो. काठ किती रुंद हे मला फोटो काढतानाही माहीत नव्हतं.

प्रणोती मी गेलो की आत जाते.

आज काकू म्हणाल्या, "आता आणखी एक लिही. मागे नको, समोर. मोठ्या अक्षरात. मला दिसत नाही, असं."

"कशाला काकू? कोणाला माहीत नाही ना."

"एका पोराच्या एका ओळीनं मी मशीनवर चादर टाकली. उद्या खरंच कोणाला कळलं तर पुन्हा टाकू? तू लिही."

मी लिहिलं: 'अडचणींवर मात करून, जिद्दीच्या बळावर...' वाचून दाखवलं.

"हे काढ. मी कोणावर मात नाही केली. मी रोज थेंब टाकते."

बऱ्याच खाडाखोडीनंतर राहिलं ते असं: 'मला आता फार कमी दिसतं. कापताना खुणा भाची पाहते. शिवण मी हातानं तपासते. चालत असेल तर ऑर्डर द्या. — माधवी.' दसऱ्याला लावायचं आहे.

२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी पाटी लावली. दुपारपर्यंत दोन ऑर्डरी रद्द. एका बाईनं कारणही लिहिलं, 'लग्नकार्याचं आहे, रिस्क नको.' मी तिला फोन लावायला निघालो होतो, रिस्क काय असते ते समजावून सांगायला. काकूंनी फोन काढून घेतला.

"तू कोणाशी भांडणार नाही. माझ्या दुकानात तर अजिबात नाही."

आलोक सोनं द्यायला आला. आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "ले भाई. असली है, पाहून घे." मी घेतलं. त्याच्याशी बोलताना अजून मान वर होत नाही, आणि प्रणोती त्याच्याशी हसून बोलते हे अजून पाहवत नाही. दोन्ही खरं आहे.

६ ऑक्टोबर

हेमलताबाई आल्या. शालू परत न्यायचा निरोप त्यांना आधीच गेला होता, पण त्या न्यायला येण्याआधी काकूंनी पुन्हा फोन करून सांगितलं होतं, कापला आहे, हातटाक्यानं अर्धा शिवला आहे, येऊन पाहा आणि मग ठरवा. पाटी त्यांनी वाचली होती. आल्या आल्या तोंडावरून कळत होतं.

"दोन वर्षं लपवलंस माझ्यापासून."

"हो."

"आणि माझा शालू कापलास."

"प्रणोतीनं खुणा केल्या, कात्री मी चालवली. पाहून घे."

मी त्यांना दारातल्या उजेडात खुर्ची आणून दिली. त्यांनी चष्मा लावला. शालू उलटा केला. शिवणीवरून नजर फिरवत, इंच इंच. काष्ट्याच्या निऱ्या एकेक उघडून. काकू खाटेवर, हात मांडीवर, मान जरा तिरकी; कापड सरकल्याचा आवाज त्या ऐकत होत्या. यांनी नाही म्हटलं तर गावातलं एकही मराठी घर इथे येणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. माझ्या तोंडात दहा वाक्यं आली. जीभ दाताखाली धरून उभा राहिलो.

"ही." हेमलताबाईंनी बोट ठेवलं. "ही निरी वाकडी आहे."

प्रणोती पुढे झाली. "मी पाहते."

"थांब." काकूंनी हात पुढे केला. हेमलताबाईंनी कापड हातात दिलं. काकूंनी निरी दोन बोटांत धरली, वरून खाली नेली, पुन्हा वर आणली.

"हो. वाकडी आहे. चुकली माझी."

सबब नाही. माफी नाही. सुई मागितली, टाका उसवायला घेतला, तिथेच, त्यांच्यासमोर. उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत होत्या. हेमलताबाई पाहत होत्या. मला वाटलं आता उठतील, घडी करतील. त्या पाहतच राहिल्या. निरी सरळ बसली तेव्हा काकूंनी कापड पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"राहू दे," म्हणाल्या. "पदराचं राहिलंच आहे ना अजून. पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन येते, अंगावर घालून पाहू." पायरीवर थांबून पुन्हा म्हणाल्या, "आणि माधवी, चहा नको ओतत जाऊ कोणाला. मागच्या वेळी माझ्या पदरावर सांडलास, मला वाटलं तुला माझा राग आहे."

काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

हेमलताबाई कोपऱ्यावर वळेपर्यंत प्रणोती दारात उभी होती. मग आत आली, मशीनवरची चादर काढून घडी केली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "खुर्ची आत घे."

इतक्या दिवसांनी एवढंच. का बोलली, कोणाला ऐकवायला बोलली, त्यामागे काय असेल, हे सगळं डोक्यात लगेच सुरू झालं. मी खुर्ची आत घेतली.